चौथा गिअर

१

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या घरात लोखंडी खाट वाजायला लागायची. आधी एक टक्, मग दुसरा, मग जरा दमानं तिसरा. त्यानंतर नुसती करकर. ती संध्याकाळच्या चहापर्यंत थांबायची नाही. तो आवाज आबांच्या उजव्या हाताचा होता. आणि आबांची उजवी बाजू लकव्यानं कधीच गेली होती.

आबा म्हणजे माझे वडील. नाव चिंधा. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, एक थोरला भाऊ तेवढा वाचला, म्हणून आजीनं काळाची नजर चुकवायला यांचं नाव चिंधा ठेवलं. चिंधी कोण उचलून नेतं? आजीची युक्ती लागू पडली. आबा जगले, पारोळ्याकडच्या आमच्या गावात शेती केली, म्हातारे झाले आणि लकवा मारल्यावर माझ्याकडे सुरतेला आले. लिंबायतमधल्या आमच्या घराची पुढची खोली तेव्हापासून त्यांची. वाचा नाही, उजवा हात नाही, उजवा पाय नाही. माझी आई सुंदरा त्यांना भरवते. माझी बायको रंजना त्यांचं सगळं धुणं काढते आणि उरलेल्या वेळात साड्यांवर टिकल्या चिकटवते. रोज रात्री त्यांच्या पायांना तेल लावायचं काम माझं. दिवसा मी बमरोलीत एका गाळ्यात मिलच्या मशिनांचे गिअरबॉक्स दुरुस्त करतो. कोणी कोणाला बोल लावत नाही, कारण बोल लावायलाही अंगात बळ लागतं.

हात हलायला लागला तो ट्रॅक्टर सुरतेला आला त्या दिवसापासून. गावचं घर विकलं, घेणाऱ्याला अंगण मोकळं हवं होतं, आणि लिंबाखाली आबांचा जुना विलायती ट्रॅक्टर उभा होता. मी म्हटलं भंगारात देऊ. माय नाही म्हणाली. मग ट्रकवर घालून आणला आणि माझ्या गाळ्याच्या मागच्या बाजूला उभा केला. त्याच दुपारी खाट पहिल्यांदा वाजली.

डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडतात, झटके येतात, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतोच. मी फक्त बघत होतो. आबांचा पंजा असा वळायचा की मुठीत काही तरी गोल धरलंय. हात पुढे जायचा, टक्. मग मागे पोटाकडे, टक्. मग जरासा उजवीकडे सरकून पुन्हा पुढे, टक्. त्याच वेळी चादरीखाली डावा पाय दाबला जायचा. माझ्यासारख्या उभा जन्म गिअर लावण्यात गेलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिला, दुसरा, तिसरा. आणि तिसऱ्यावर गेला की हात तिथंच अडकायचा. पुढे रेटून धरायचा. दंडाच्या शिरा तट्ट फुगायच्या, खाट करकरायची, आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं.

"चौथा सापडत नाही त्यांना," मी रंजनाला म्हणालो.

त्या ट्रॅक्टरचा चौथा गिअर बंद केलेला होता. मला कळतं तेव्हापासून बंदच होता. लहानपणी मी विचारलं की आबा म्हणायचे, "तिसरामा बी घर येस." तिसऱ्यातही घरी पोचतोच की, म्हणजे विषय संपला.

रंजनानं टिकल्यांची डबी खाली ठेवली. डोळे लाल, पाठीत बाक. "मंग तो चौथा खोली द्या एकदाना," ती म्हणाली. "त्यासले बी झोप लागू द्या, नी आमले बी."

मलाही तेच वाटलं. चौथा मोकळा करायचा, ट्रॅक्टर दारापर्यंत आणायचा, आबांना उचलून सीटवर बसवायचं आणि दांडा हातात द्यायचा. एकदा चौथा लागला की हात निवेल. बाकी त्यांना मी काय देऊ शकत होतो? निदान झोप तरी लागावी.

२

इंजिन मी ट्रॅक्टर आल्या आल्याच दुरुस्त करून ठेवलं होतं, सवयीनं. आता दांड्याखालचं झाकण काढलं.

गिअर बंद करणं ही तशी नवलाची गोष्ट नाही. फार पूर्वी लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर यायचे, तेव्हा कारखान्यातूनच वरचा गिअर बोल्ट मारून बंद करून पाठवत. लोखंडी चाकावर वेगानं गेलं तर माणूस आणि मशीन दोन्ही खिळखिळं व्हायचं. पण आमच्या ट्रॅक्टरला पहिल्यापासून रबरी टायर होते. आणि आतला बोल्ट कारखान्यातला नव्हता. गावच्या लोहारानं ठोकून घातलेला, डोकं घासून गोल केलेलं, वरून पितळ चढवलेलं. पाना बसूच नये, कधीच कोणाला खोलता येऊ नये, असं ते काम होतं.

मी तेल उपसलं, बॅटरीचा उजेड आत मारला आणि चौथ्याचं चाक बघितलं. मग बॅटरी बाजूला ठेवून हात पुसले. पुन्हा बघितलं.

हे जुन्या पद्धतीचे सरकते गिअर. गिअर लागल्याशिवाय त्याचे दात समोरच्या दातांना शिवतसुद्धा नाहीत. इतकी वर्षं बंद राहिलेलं चाक काळपट हवं, त्यावर जुन्या तेलाचा थर हवा, दातांच्या कडा कोऱ्या हव्यात. पहिला, दुसरा, तिसरा तसेच होते, वापरलेले आणि मग पडून राहिलेले. चौथा मात्र चांदीसारखा लखलखत होता. दात झिजून गोल झालेले. असा झिजलेला गिअर मी मिलमध्ये बघतो, जिथे मशीन रात्रंदिवस, बाराही महिने चालतं.

खाली तेलात बोट घातलं. बोटाला लोखंडाचा बारीक चुरा आला. ताजा, चकाकणारा.

शेजारच्या गाळ्यात श्रीरंग लेथ चालवतो. परभणीकडचा माणूस, कशालाच हरकत न घेणारा. त्याला बोलावलं. त्यानं आत डोकं घातलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"योगराजभाऊ, कुणीतरी मागं खोलून दुसऱ्या गाडीचं जुनं चाक टाकलं आसंल. भंगारातलं. अन् मग पुन्यांदा बोल्ट मारला."

"चारही चाकांवर कारखान्याचा एकच ठसा आहे. आणि चुरा?"

"चुरा काय, पडलेला आसतो." त्यानं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी झोपत नाही वाटतं धड. डोळे बगा कसे झालेत."

ते खरं होतं, म्हणून मी त्याचं ऐकलं. न झोपलेल्या माणसाला काय काय दिसतं. चाक बदललेलं असणार. चुरा आधीचा असणार. मी झाकण अर्धवट ठेवून घरी आलो.

३

माय ओट्यावर बसून गहू निवडत होती. आखाजी तोंडावर आली होती. आम्हा खानदेशी लोकांचा तो मोठा सण, अक्षय तृतीयेचा. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी त्या दिवशी मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, किंवा आंबा ठेवतात आणि त्या माणसाचं नाव घेऊन पाणी सोडतात. आमच्याकडे एकच घागर असते, आजोबांची.

मी तिला विचारलं, चौथा कोणी बंद केला.

गव्हातला तिचा हात थांबला. "तुना बापनी. कसाले इचारस?"

"खोलतोय."

"नको खोलू."

माय कधी नको म्हणत नाही. भंगाराच्या वेळी म्हणाली तेवढंच. मी शेजारी बसलो. सूप हलवता हलवता ती बोलायला लागली. मला मोठे काका होते, विठ्ठल, हे मला माहीत होतं. ते कुठे तरी निघून गेले, एवढंच घरात सांगत. तेव्हा मी मायच्या कडेवर होतो.

"निंघी नही गयात," माय म्हणाली. "दोन्ही भाऊ बजारले शेंगा इकाले गयथात. येवाना टाईमले मना जेठ मडगार्डवर बठेल व्हतात. तुना बाप चौथामा ऊना, दारशे गाडी उभी करी, मांगे दखं. मडगार्डवर कोनीच नही."

"पडले असतील वाटेत."

"रस्ता दखा, नाला दखा, विहिरी दख्यात. चप्पल बी नही गवसनी." तिनं एक खडा उचलून बाहेर फेकला. "मंग तुना बाप म्हने, चौथामा टाकं का मडगार्ड दबाई जास. कोनी बठनं का दबास ना, तसं. मंग लोहारकडथीन बंद करी लिधा."

"त्यांना कोणी दिसायचं का?"

"दिसे नही. दबाय."

भावाला वाटेत हरवून आलेल्या माणसाच्या मनाला काय काय भास होतील, मी मनात म्हटलं. आबांचं मला फार वाईट वाटलं. उभं आयुष्य तिसऱ्यात काढलं बिचाऱ्यानं.

"मग त्यांची घागर का भरत नाही आपण?"

"कशी भरशी? तुनी मोठी मायनी मरापर्यंत कुंकू पुसं नही. ती म्हने, येतीन. घरनी बाई कुंकू लावस नी आपन घागर भरू?" मायनं सूप बाजूला ठेवलं. "माले त्यासनं तोंड बी माहीत नही. जेठसमोर पदर खाले लेवाना. माले त्यासना नुसता पाय याद शेतस. डावा अंगठा बाहेर वळेल."

मोठी माय म्हणजे माझी काकू, विठ्ठलकाकांची बायको; आणि जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर बायका पदर कपाळाखाली ओढतात, त्याच्याशी बोलत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. मायच्या वेळी तर हे फारच कडक होतं. एका घरात राहून तिनं त्या माणसाचे फक्त पाय पाहिले होते.

आतून खाटेची करकर येत होती. माय त्या आवाजाकडे बघत राहिली, आवाज दिसत असल्यासारखी.

"नको खोलू, भाऊ," ती पुन्हा म्हणाली. पण रंजना आतून चादर बदलून ओला गोळा घेऊन बाहेर आली, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला तो बोल्टच डोळ्यांसमोर दिसायला लागला.

४

आखाजीच्या आदल्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. बमरोलीचा रस्ता रिकामा, उन्हानं पांढरा पडलेला. मी ग्राइंडर लावून पितळ उडवलं आणि बोल्टला ड्रिल घातलं.

मध्येच रंजनाचा फोन आला. "आज आबा भलतंच करी राह्यनात. खाट सरकनी भितीपर्यंत. हात धरं ते मालेच ढकली दिधं."

"कळलं असेल त्यांना," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत आणतो ट्रॅक्टर. सांग त्यांना, चौथा मोकळा झाला म्हणून."

"सांगू?"

"सांग."

बोल्ट सुटला. जुना बोल्ट सुटताना कुरकुरतो, हा तर आतून कोणी ढकलल्यासारखा सरळ वर आला. तो अजून गरम होता. ड्रिलमुळे असणार. मी तेल भरलं, झाकण बसवलं, दांडा हलवून बघितला. चौथ्यात तो इतका अलगद गेला की मी हात मागे घेतला. श्रीरंगला हाक मारावी म्हटलं, पण त्याचं शटर बंद होतं.

ट्रॅक्टर रस्त्यावर काढला. पहिला. दुसरा. दांडा उजवीकडे सरकवून पुढे, तिसरा. मग दांडा मागे, पोटाकडे ओढला.

आणि ओढतानाच मला कळलं. चौथा मागे लागतो, पोटाकडे. आबांचा हात पुढे रेटलेला असायचा. इतके दिवस मी रोज बघत होतो, गिअरच्या धंद्यात केस पिकले माझे, आणि एवढं साधं मला दिसलं नव्हतं. ते चौथा शोधत नव्हते. चौथा लागू नये म्हणून तिसऱ्यावर दांडा दाबून धरत होते, त्या मेलेल्या हातानं, दुपारभर.

डाव्या बाजूला मडगार्डचा पत्रा दबला.

फार मोठा आवाज नव्हता तो. मडगार्डवर माणूस बसला की पत्रा जसा खाली जातो तसा, टुंक. पाठोपाठ माझ्या सीटची मागची कड किंचित ओढली गेली. मडगार्डवर बसणारा माणूस पडू नये म्हणून तिथेच धरतो. मी लहानपणी तिथेच धरायचो.

मी मान वळवली नाही. क्लच दाबून दांडा पुढे लोटला. दांडा हलेना. दोन्ही हातांनी लोटला. आत दातांनी दात पकडलेले मला तळव्यात जाणवत होते. नवीन मोकळा केलेला गिअर कधी कधी अडकतो, मी स्वतःला म्हणालो. पत्रा जुना आहे, हादऱ्यानं दबतो. इंजिन बंद करता आलं असतं. पण मग त्या रिकाम्या रस्त्यावर उतरावं लागलं असतं, आणि उतरायचं तर डावीकडूनच.

मी घराकडे निघालो.

५

बमरोलीहून लिंबायतला यायचं म्हणजे उधन्याची रेल्वेलाइन ओलांडावी लागते. सगळी वाट मी समोर बघून चालवली. पुलावर वारा लागला, तेव्हा नाकात भाजलेल्या शेंगांचा वास आला. पुलाखाली गाड्या असतात, वास कुठूनही येतो. पाठ मात्र घामानं भिजली होती, आणि डावा खांदा जड झाला होता.

लिंबायतच्या वळणावर गर्दी होती. आखाजीचा बाजार भरला होता. डांगरांचे ढीग, घागरींच्या उतरंडी. एक रिक्षा डावीकडून घुसली आणि ट्रॅक्टरच्या चाकाला घासता घासता थांबली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ओ भाई! चाचा को बोलो पैर ऊपर ले, लग जाएगा!"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होता, वैतागून, जसं कोणीही बघेल. मग तो हॉर्न मारत निघून गेला.

मला ओरडावंसं वाटलं. कोण चाचा, कसे दिसतात, काय घातलंय, एवढं तरी सांग. पण मागून हॉर्न वाजत होते आणि मी इतका थकलो होतो की ट्रॅक्टर चालवत राहणं सोपं होतं.

गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. मडगार्डचा पत्रा टणकन वर आला. सीट मोकळी झाली. मी दांड्याला हात लावला, तो सहज सुटला आणि मधे आला.

मडगार्डवर सुरतेच्या धुळीचा थर होता. त्यात एक जागा स्वच्छ पुसलेली होती, माणूस बसेल एवढी.

६

मी उतरलो नाही तोच माझी लेक धनश्री गल्लीतून पळत आली. सुरतेत जन्मलेली, घाई झाली की तिला गुजरातीच सुचते. "पप्पा, दादा बेठा थई गया! जल्दी आवो!"

खरंच. आबा खाटेवर उठून बसले होते. मांडी घालून. रंजना रडत रडत हसत होती, शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या. आबांच्या उजव्या हातात पाण्याचा पेला होता. ते पाणी पीत होते, एक थेंब न सांडता.

मी तिथेच उंबऱ्यात बसलो आणि रडलो. वाटेवरचं सगळं माझ्या मनातून धुऊन निघालं. मी बरोबरच केलं होतं. चौथा लागला, हात निवला.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांनी तोंडातून शब्द येत होते, घोगरे पण स्पष्ट.

"योगराज शे ना हाऊ?" ते म्हणाले. "कितला मोठा व्हई गया रे."

रंजना हसली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की वाचा आलीच तर आठवणी मागेपुढे होतील. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हाई कोन?" तेव्हाही ती हसली. म्हणाली, मी रंजना, तुमची सून. त्यांनी मान डोलावली आणि भाकरी मागितली. पोटभर जेवले. घास स्वतःच्या हातानं तोंडात घालत होते. हे बघायला माय घरात नव्हती. बाजारात घागर आणायला गेली होती.

ती आली तेव्हा दारात घोळका होता. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. "मावशी, दखा, दखा," कोणी तरी म्हणालं. काखेत घागर घेऊन माय आत आली. उन्हानं दमलेली, पदर खांद्यावर पडलेला, डोकं उघडं. आबांसमोर ती कायम तशीच असायची.

तिनं आधी चेहऱ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, काही तरी बोलणार होती. मग तिची नजर खाली गेली, खाटेवरून सोडलेल्या पायांकडे.

तिचा हात वर गेला. तिनं पदर डोक्यावर घेतला, कपाळावर ओढला, मग डोळ्यांच्या खाली, हनुवटीपर्यंत. अंग चोरून ती भिंतीच्या कडेनं चालत, खाटेकडे पाठ न करता आणि तोंडही न करता, स्वयंपाकघरात निघून गेली. मी माझ्या मायला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

दारातल्या बायका एकेक करून निघाल्या. रंजना म्हणाली, "आत्याबाईसले धक्का बसना. बसाव शे." मी हो म्हणालो. त्या पायांना रोज तेल मीच लावतो. त्या रात्री मात्र मी रंजनाला सांगितलं, आज तेल राहू दे. अंगठा बघायला मी वाकलो नाही.

७

आखाजीच्या सकाळी घरात खापरावरच्या पोळ्यांचा वास होता. रात्रभर सगळे गाढ झोपले होते. रंजनाचा चेहरा उजळला होता. पुढच्या खोलीत तो बसून धनश्रीला गावच्या गोष्टी सांगत होता. मी "तो" म्हणालो. आबा म्हणायला जीभ वळेना.

स्वयंपाकघरात मायनं पाट मांडला होता. ती अजून पदराआड होती. पाटावर दोन घागरी होत्या.

"ही दुसरी कोणाची?" मी हळूच विचारलं. "विठ्ठलकाकांची?"

तिनं पदराआडून मान हलवली. नाही.

"मग?"

"तो ते घर ऊना," माय म्हणाली. आवाज कोरडा होता, रडून संपल्यावर राहतो तसा. "जो घर नही ऊना, त्यानी."

काका तर घरी आले; घागर जो घरी आलाच नाही त्याची. तिनं तांब्या माझ्या हातात दिला. "नाव तू ले. मी कशी लिसू?"

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही.

मी म्हणणार होतो की आबा समोर बसलेत, पोळी खातायत, जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडत नाहीत, तुझ्या डोक्यावर ऊन चढलंय, माय. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून, जिथे ट्रॅक्टर उभा होता तिकडून, आवाज आला. आधी एक टक्. मग दुसरा. मग जरा दमानं तिसरा. त्यानंतर लोखंडाची करकर, न थांबणारी.

मायनं भिंतीला हात टेकला. तिलाही तो ऐकू येत होता. तो हात आम्हा दोघांच्या ओळखीचा होता. भर उन्हात, त्या सीटवर, तो अजूनही दांडा पुढे दाबून धरत होता.

मी गेलो असतो. खरंच गेलो असतो, पुन्हा चौथ्यात टाकून बमरोलीपर्यंत, पारोळ्यापर्यंत, जिथे नेईल तिथपर्यंत. पण चौथ्यानं एकाला घरी आणताना दुसऱ्याला नेलं होतं; आता मडगार्डवर कोण बसून आलं असतं, आणि त्याच्या बदल्यात या घरातून कोण जाणार होतं? आत धनश्री हसत होती.

"योगराज," पुढच्या खोलीतून हाक आली. "दोन घागरी कसाले शेतस रे? ती दुसरी कोनी?"

मायनं पदर आणखी खाली ओढला. जेठाला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"आबांची," मी म्हणालो.

मग घागरीवर तांब्या धरला आणि नाव घेतलं. चिंधा. काळाची नजर चुकवायला आजीनं ठेवलेलं नाव मी मोठ्यानं उच्चारलं आणि पाणी सोडलं.

बाहेर करकर थांबली.

माय पदरात तोंड घालून खाली बसली. मी तिथेच उभा होतो, रिकामा तांब्या हातात घेऊन, कान देऊन. काहीच ऐकू येईना. आबांना झोप लागावी, एवढंच तर मला हवं होतं.